तेरावं घर

शिवांजलीला आकडा दिसला की तो फोडल्याशिवाय चैन पडत नाही. बीडहून येणारी एसटी फाट्यावर थांबली की बाकीची माणसं खिडकीतून रुमाल टाकायच्या गडबडीत असतात, आणि ही बया गाडीच्या नंबराला तीननं भाग जातो का, सातनं जातो का, हे बघत खाली उभी. दोनदा तर गाडी तिला तशीच सोडून गेली. तेव्हापासून या रस्त्याचे कंडक्टर तिला दारातूनच सांगतात, "बाई, आत बसून भागा."

गाव तिला बाई म्हणतं, कारण ती जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. आपण तिला शिवांजलीच म्हणू, गोष्ट बरीचशी शाळेबाहेरची आहे. त्या वर्षी तिला बेचाळीसावं लागलं होतं आणि त्या आकड्यावर ती बेहद्द खूश होती. दोन, तीन आणि सात यांचा गुणाकार. तिघंही वेगळे, कुणी दुसऱ्यांदा आलेला नाही. पुढच्या वर्षी त्रेचाळीस, तो आकडा कुणाचंच ऐकत नाही, तेव्हा जे करायचं ते यंदाच करून घ्यावं, असं ती शाळेत सगळ्यांना सांगत सुटली होती. शाळेतल्यांनी मान डोलावली आणि चहा प्यायला.

हा नाद तिला लागला वडलांच्या दुकानात. तिचे वडील वैजिनाथआप्पा. पाटोद्याच्या पलीकडं डोंगराच्या कडेला शिवणवाडी आहे, तिथलं जुनं किराणा दुकान त्यांचं. लहानपणी सुट्टीत चुलतभावंडं जमली की बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या वाटायचं काम शिवांजलीकडं. मुठीत बारा आल्या की सगळं सुखाचं. दोघांत वाटा, तिघांत वाटा, चौघांत, सहांत, कुणी रडत नाही. तेरा आल्या की बोंबाबोंब ठरलेली. मग ती सगळ्यांदेखत एक गोळी स्वतःच्या तोंडात टाकायची आणि म्हणायची, "आता बारा झाल्या." पोरं गप्प बसायची, कारण हिशोब तर बरोबर होता.

पुढं शाळेत तिला कळलं की या खटाटोपाला मूळ अवयव पाडणं म्हणतात. संख्या घ्यायची आणि फोडत जायची, पुढं फुटेनाशी झाली की थांबायचं. बारा म्हणजे दोन, दोन आणि तीन. आठ म्हणजे दोन, दोन आणि दोन. तेरा फुटतच नाही, ती मूळ संख्या. एकदा हे तुकडे हातात आले की कुणाला कशानं भाग जाणार हे भागाकार न करता सांगता येतं. दहा वर्षांच्या शिवांजलीला त्या दिवशी जेवायचंही सुचलं नाही, इतका आनंद झाला होता.

लग्नाचं म्हणाल तर कडा गावाकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, दिसायला बरा. पाहुण्यांनी विचारलं, स्वयंपाक येतो का? येतो म्हणाली. मग तिनं मुलाला विचारलं, "एक्क्याण्णव ही मूळ संख्या आहे का हो?" मुलगा पटकन हो म्हणाला. तेरा साते एक्क्याण्णव. पाहुणे गेल्यावर ती आप्पांना म्हणाली, "भागून न बघता हो म्हणणाऱ्या माणसासंगं संसार कसा करायचा?" आप्पांनी डोक्याला हात लावला, पण मनातून त्यांना पटलं. त्यानंतर तिनं तो विषयच मिटवला. डी.एड. केलं, नोकरी लागली, बदल्या होत होत गावातच आली आणि शाळेच्या मागं स्वतःच्या पगारातून दोन खोल्यांचं घर बांधलं. दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. पाटी बघायला चार दिवस गाव येत होतं.

आता गावच्या रितीचं सांगायला पाहिजे, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

शिवणवाडीच्या महादेवाला दर सोमवारी दोन घरांची पाळी असते. एका घरानं अभिषेकाचं पाणी आणायचं, दुसऱ्यानं नैवेद्य करायचा. पाण्याची घरं बारा, नैवेद्याची आठ, अशी वीस जुनी घरं. दोन्ही पाळ्या आपापल्या क्रमानं फिरतात, शेवटचं घर झालं की पुन्हा पहिलं. कुणाच्या घरी सुतक असलं तर शेजारी त्याच्या नावानं करतो, पण पाळी जागची हलत नाही. आणि खास रीत अशी, की त्या सोमवारी ज्या दोन घरांची पाळी असेल त्यांच्या कर्त्यांनी देवळाच्या ओसरीवर एका ताटात जेवायचं. याला जोडताट म्हणतात. जोडताटाला बसलेल्या दोघांत आधीचं काही वाकडं असलं तर ते तिथंच संपलं, असं गाव धरून चालतं. बांधाची भांडणं, लग्नातले रुसवे, काय काय त्या ओसरीवर मिटलेलं आहे.

नैवेद्याचं सातवं घर सिद्धारामआप्पांचं. हे वैजिनाथआप्पांचे सख्खे थोरले भाऊ, शिवांजलीचे थोरले आप्पा. वाटणी झाली तेव्हा वडिलोपार्जित नैवेद्याची पाळी थोरल्याकडं राहिली. पुण्याला गेलेल्या एका घराची पाण्याची पाळी रिकामी होती, ती पाचवी पाळी धाकट्याला मिळाली. इथवर सगळं गुण्यागोविंदानं झालं. मग अंगणात भिंत घातली आणि सीताफळाच्या झाडानं घात केला. झाड थोरल्याच्या बाजूला, निम्म्या फांद्या धाकट्याच्या. पहिल्याच मोसमात थोरले म्हणाले, "फळं खा, पण झाड माझं हाय ध्यानात ठेव." धाकटे म्हणाले, "मग तुझ्या झाडाची सावली बी नको मला." एवढंच. यावर दोन शहाणे म्हातारे बोलायचे थांबले. बायका बोलतात, पोरं भिंतीवरून उड्या मारतात, शिवांजली दोन्हीकडं चहा पिते, आणि हे दोघं रस्त्यात समोरासमोर आले की एकजण आभाळ बघतो आणि दुसरा चपलेचा अंगठा.

त्यांची आई शिवम्मा जायच्या आधी दोघांना देवळात घेऊन गेली आणि म्हणाली, बोला रे. तेव्हा थोरले पिंडीकडं बघत म्हणाले, "ज्या सोमवारी पाणी ह्याचं अन् नैवेद्य माझा, त्या दिवशी बसतो एका ताटात. म्हादेवानंच जुळवू दे."

"मी बी बसतो," धाकटे म्हणाले.

गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. बारा आठे शहाण्णव. फार तर शहाण्णव सोमवार, दोन वर्षांच्या आत भानगड मिटते. त्या गोष्टीला चौदा वर्षं झाली.

जुळली का नाही, याचं प्रत्येकाकडं कारण होतं. नैवेद्याच्या पहिल्या घरचा बंकट छातीठोक सांगायचा की जुळलेली, पण ती नेमकी लॉकडाऊनमध्ये, देऊळ बंद असताना. केदारनाथ गुरव दर रविवारी संध्याकाळी देवळाच्या पायरीवरून उद्याची पाळी पुकारतो. तो म्हणायचा, येईल, देवाला कशाची घाई. वैजिनाथआप्पा कारण देत नव्हते, नुसती वाट बघत होते. थोरल्याची पाळी असली की त्या सोमवारी ते दुकानाच्या पायरीवर बसायचे, जिथून देवळाची वाट दिसते. स्वतःची पाळी असली की नवं धोतर नेसून ओसरीवर जायचे, आणि ताटाच्या पलीकडं कोण, तर नैवेद्याच्या पाचव्या घरचा धुळाजी, नाहीतर बंकट. धुळाजी आमटी आवाज करून पितो आणि शेवटची पोळी विचारल्याशिवाय उचलतो. एवढी वर्षं हे सोसलेल्या माणसाला खरं तर देवानं दुसरं काही मागायची पाळीच आणू नये.

शिवांजलीनं ठरवलं, वाट बघण्यापेक्षा मोजावं. केदारनाथला विचारलं तर तो म्हणाला, पाण्याचं पहिलं अन् नैवेद्याचं पहिलं घर मधूनमधून एकत्र येतात. झालं, तिथून मोजायचं. आणि एवढं गोड गणित एकटीनं कशाला सोडवावं, म्हणून तिनं ते सहावीच्या वर्गाला फळ्यावर घातलं. पाण्याचं पाचवं घर, नैवेद्याचं सातवं घर, कितव्या सोमवारी जुळतील? उत्तर घेऊन ती महाशिवरात्रीला आप्पांना चकित करणार होती.

वर्गात नुसता पेन्सिलींचा आवाज. मग धुळाजीची नात अंजू उभी राहिली.

"बाई, गणित चुकलंय."

"गणित चुकत नसतं. आपण चुकतो."

"मग तुमी चुकलाव. मी शंभराच्या पुढं गेले, जुळत न्हाई."

वर्ग हसला. शिवांजलीही हसली आणि खडू घेऊन फळ्याकडं वळली. बारा फोडले, दोन गुणिले दोन गुणिले तीन. आठ फोडले, दोन गुणिले दोन गुणिले दोन. आणि तिचा हात तिथंच थांबला. दोन गुणिले दोन दोन्हींत आहे. म्हणजे दोन्हींना चारनं भाग जातो. तिनं आप्पांचे सोमवार लिहिले, पाच, सतरा, एकोणतीस, एक्केचाळीस. बारा-बारानं पुढं जाणार, आणि बारात चार पुरते मावतात, म्हणून चारनं भागलं की बाकी नेहमी एकच. थोरल्या आप्पांचे लिहिले, सात, पंधरा, तेवीस, एकतीस. आठ-आठनं पुढं जाणार, बाकी नेहमी तीन. एकाच सोमवाराची बाकी एकही आणि तीनही कशी असेल? शहाण्णव कुठलं घेऊन बसलात, सगळं रहाटगाडगं चोवीस सोमवारांत पुन्हा पहिल्या जागी येतं. आप्पांच्या वाट्याला दोनच माणसं येणार, धुळाजी आणि बंकट, आणि जगाच्या अंतापर्यंत तीच येणार.

"अंजू," ती म्हणाली, "तुझं बरोबर हाय. बस." आणि मुलांकडं पाठ करून तिनं फळा पुसला, जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसला.

संध्याकाळी तिनं आप्पांना सांगितलं. आप्पा साखर मापत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पुडी बांधली आणि पुन्हा सोडली.

"कवाच न्हाई?"

"न्हाई आप्पा. आहे ह्या घरांत तरी न्हाई."

"मला वाटायचं, म्हादेव मला टाळतोय," ते म्हणाले. "दादा आता काठी घेऊन चालतो. मी इथून बघतो ना."

सत्तरीचा बाप, पंच्याहत्तरीचा चुलता, मध्ये एक वीतभर भिंत, आणि दोघांनी सगळा भार टाकला कशावर तर बारा आणि आठवर. तिला देवाचा नाही, दोघांचा राग आला. घरी जाऊन तिनं ज्वारीची भाकरी थापायला घेतली, आणि तव्यावर भाकरी करपवली, कारण मध्येच तिला तेरा आठवले. लहानपणी ज्या तेरानं रडारड व्हायची ते तेरा. फुटत नाही, म्हणून आठशी त्याचं काहीच सामाईक नाही. पाण्याची घरं तेरा असली तर तेरा आठे एकशे चार सोमवारांत प्रत्येक पाणीवाल्याची प्रत्येक नैवेद्यवाल्याशी एकदा गाठ पडणारच. पडल्याशिवाय राहणार नाही.

आणि तेरावं घर कुठलं, हे शोधायला तिला लांब जायचं नव्हतं. घर बांधलं त्याच वर्षी तिनं पाळी मागितली होती. तेव्हा सगळे "बघू" म्हणाले होते. आपल्याकडं "बघू" म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, उपवास सोडून माणसं तृप्त बसलेली असताना, ती देवळाच्या ओसरीवर उभी राहिली. पोट भरलेल्या माणसाला गणित पचतं, हे तिनं वर्गात पाहिलेलं होतं. अर्जुनराव मधोमध लोडाला टेकून बसले होते. गावचे मोठे जमीनदार आणि माजी सरपंच, देवळाचं काहीही त्यांच्याशिवाय ठरत नाही.

"माझं घर पाण्याच्या पाळीत घ्या," ती म्हणाली. "तेरावं."

"देवाच्या पाळीत नवं घर कावून घालायचं?" अर्जुनराव म्हणाले. "वाडवडलांनी बारा ठेवली ती काय उगीच?"

"वाडवडलांनी सगळी घरं एका ताटात यावीत म्हणून रीत घातली ना? मग तुमी सांगा अर्जुनराव, तुमचं नैवेद्याचं तिसरं घर. तुमी कुणाकुणाबरोबर जेवलाव?"

अर्जुनराव बोटं मोजायला लागले. तीन झाली आणि बोटं थांबली. मग शेजारचा मोजायला लागला. ओसरीभर माणसं बोटं मोजतायत, आणि कुणाचंही बोट तीनच्या वर जात नाही. पाण्याच्या घरांची तर दोनवरच अडली. इतकी वर्षं सगळे जेवले, ढेकर दिले आणि घरी गेले, पण तेच ते तोंड समोर का येतं हे एकानंही विचारलं नव्हतं.

शिवांजलीनं फरशीवर कोळशानं बारा आणि आठ फोडून दाखवले. सामाईक दोन-दोनभोवती गोल केला. "हे दोन दोन जवर दोन्हीकडं हायेत, तवर असंच राहणार."

"मग नैवेद्याचं एक वाढवू," बंकट म्हणाला. "नऊ करू. त्यात काय."

"नऊ म्हंजी तीन गुणिले तीन. बारात बी तीन हाय. पुन्हा अडलं."

"मग पाण्याचं एक कमी करा. अकरा."

"अकरा लई छान. जमतं. कुणाचं कमी करू बंकटभाऊ, बारातलं नाव तुमीच सांगा."

ओसरीवर सगळ्यांना एकदम खोकला झाला. कुणाचं नाव निघेना. मग कोपऱ्यातून काठी आपटल्याचा आवाज आला. सिद्धारामआप्पा. त्यांच्या तोंडावर नवल म्हणून काही नव्हतं, कोळशाच्या आकड्यांकडं त्यांनी धड पाहिलंही नव्हतं. त्यांनी हात वर केला.

"घ्या पोरीचं घर," ते म्हणाले. "तिची चूल वेगळी, पाटी वेगळी. पाणी तिच्या बी नळाला तेच येतंय."

थोरल्यांनी हात वर केला म्हटल्यावर बाकीचे वर झाले. सगळ्यात शेवटी अर्जुनरावांचा, पण झाला. असं ठरलं की पाडव्यानंतरच्या सोमवारपासून दोन्ही पाळ्या पहिल्या घरापासून नव्यानं धरायच्या, आणि पाण्याचं तेरावं घर शिवांजलीचं.

आता यात पाचव्याची आणि सातव्याची गाठ कधी, हे सहावीच्या वर्गानं दुसऱ्याच दिवशी काढलं. पाच, अठरा, एकतीस. एकतीसला आठनं भागा, बाकी सात. एकतीसावा सोमवार, दिवाळी झाल्यावर, कार्तिकात. पोरांनी घरी सांगितलं आणि दोन दिवसांत सगळ्या गावाला पाठ झालं. फक्त त्या दोन म्हाताऱ्यांपुढं कुणी चकार शब्द काढायचा नाही, हे न ठरवताच ठरलं. वैजिनाथआप्पांनी एकदा लेकीला आडवळणानं विचारलं, "तेराव्या घराचं हे तू आमच्यासाठी केलंस व्हय?"

"माझ्या हक्कासाठी केलं," ती म्हणाली. "तुमी आपले धुळाजीमामांना पोळ्या वाढा." हे अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं ती गणितात कधी चालवून घेत नाही, पण बापाशी बोलताना चालतं.

तिची स्वतःची पहिली पाळी आली तेराव्या सोमवारी. घागर डोक्यावर घेऊन ती निघाली तेव्हा शाळेची सगळी पोरं मागं. नैवेद्याचं पाचवं घर, म्हणजे धुळाजीचं. आता पंचाईत, बाईमाणूस आणि धुळाजी एका ताटात कसे बसणार? धुळाजी डोकं खाजवत उभा. तेवढ्यात त्याची बायको साखराबाई पदर खोचून ताटावर येऊन बसली. "आमच्या घराची कर्ती मीच हाय," ती म्हणाली. "ह्यांना फकस्त आमटी प्यायला येती." गाव पोट धरून हसलं, धुळाजी सगळ्यात जास्त, आणि मुकाट वाढायला उभा राहिला. त्या दिवशी शिवांजलीला दोन गोष्टी कळल्या. एक, पाळी आपल्या नावाची असली की साध्या वरणभातालाही निराळी चव असते. दुसरी, शेवटची पोळी साखराबाईसुद्धा विचारल्याशिवायच उचलते.

पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळी झाली. एका रविवारी संध्याकाळी केदारनाथ पायरीवर उभा राहिला. खाली एरवी चार माणसं असतात, त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. "उद्याचं पाणी वैजिनाथआप्पाचं," तो म्हणाला आणि खालच्या गर्दीवरून एकदा नजर फिरवली. "नैवेद्य सिद्धारामआप्पाचा."

वैजिनाथआप्पा दुकानात होते. त्यांनी ऐकलं. गिऱ्हाईक साबण मागत होतं, त्याला त्यांनी काडेपेटी दिली.

सोमवारी सकाळी गुडघा दुखत असूनही त्यांनी घागर कुणाला धरू दिली नाही. शिवांजली पाठोपाठ चालत होती, घागर हिंदकळली की तिचा जीव वरखाली व्हायचा. अभिषेक झाला. ओसरीवर ताट मांडलं. थोरले काठी बाजूला ठेवून आधीच बसले होते. ताटात पुऱ्या, भाजी, वरणभात, आणि मधोमध मोठ्या वाटीत सीताफळाची बासुंदी. त्याच झाडाची. ते सांगायची गरज नव्हती.

धाकटे समोर बसले. दोघांनी हात जोडले, आचमन केलं आणि जेवायला लागले. एकजण पुरी तोडतो, दुसरा थांबतो. मग दुसरा तोडतो, पहिला थांबतो. सगळं गाव श्वास धरून उभं, आणि हे दोघं ताटात खाली बघून असे जेवतायत की जणू ताटात काही लिहिलं आहे. शिवांजलीच्या मनात आलं, एवढं जुळवलं आणि हे असेच जेवून उठून गेले तर? मूळ अवयव माणसांना एका ताटापर्यंत आणतात, पुढचं त्यांच्या हातात नाही.

वैजिनाथआप्पांनी बासुंदीचा घास घेतला आणि थांबले. तोंडातून एक काळी बी काढून ताटाच्या कडेला ठेवली.

"बी राहिलीय," ते म्हणाले.

चौदा वर्षांतला हा पहिला शब्द. थोरल्यांनी वाटीकडं पाहिलं.

"सकाळपासून मीच काढीत बसलो होतो. सुनंला हात लावू दिला न्हाई. पर डोळं आता दिसत न्हाईत."

"मला बोलवायचंस. दोघं मिळून काढल्या असत्या."

थोरल्यांनी मान हलवली. शिवांजलीनं पदरानं डोळे पुसले, आणि एकटीनंच नाही. साखराबाई तर नाक ओढत रडत होती, आणि मधूनमधून हसत होती.

मग शिवांजलीला राहवलं नाही. "थोरले आप्पा, शिवरातीच्या दुसऱ्या दिवशी पहिला हात तुमीच कावून वर केलता?"

सिद्धारामआप्पा वाटीत बोट फिरवत म्हणाले, "मला आधीच ठावं होतं. माझ्या ताटावर तीनच माणसं आलटून पालटून येती. जुळणार न्हाई हे मला ठावं होतं, म्हणून तर आईसमोर तसं बोललो."

वैजिनाथआप्पांचा हात पुरीवरच राहिला.

"म्हंजी मी येडा," ते हळू म्हणाले. "चौदा वरसं वाट बघत बसलो."

"ते बी ठावं होतं," थोरले म्हणाले. "माझी पाळी असली की तू दुकानाच्या पायरीवर बसायचास. देवळात जाता-येता दिसायचास. आधी मला बरं वाटायचं, बसू दे म्हणायचो. मग वाईट वाटाय लागलं. मग पायरी मोकळी दिसली की भ्या वाटाय लागलं, आज कावून न्हाई बसला म्हणून." त्यांनी वाटी भावाकडं सरकवली. "रुसायला बी लई जीव लागतो वैजू. माझा सरला."

वैजू हे नाव तिथं उभ्या असलेल्या निम्म्या लोकांना माहीतही नव्हतं. वैजिनाथआप्पांनी वाटी घेतली, उरलेली बासुंदी तोंडाला लावून पिऊन टाकली, धुळाजीपेक्षा मोठा आवाज करून, आणि मिशा पुसल्या. कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि अर्जुनरावांनी देवळाची घंटा वाजवली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

हात धुवायला उठता उठता वैजिनाथआप्पांनी लेकीला विचारलं, "शिवा, आता परत कवा जुळती आमची?"

"तेरा आठे एकशे चार," शिवांजली म्हणाली. "एकशे चार सोमवारांनी."

"दोन वरसं?" त्यांचा चेहरा उतरला. "दादा, दोन वरसं थांबायचं?"

सिद्धारामआप्पा काठी शोधत होते. ती सापडली तशी त्यांनी धाकट्याच्या खांद्याला हात घालून स्वतःला उभं केलं.

"भिंतीपलीकडं तर राहतो," ते म्हणाले. "उद्या ये ना बे. अजून टोपलीभर सीताफळं हायेत, बिया तू काढ."